खामगावची पेंड, अहमदाबादला ऐकू आलेला होकार

२२ जुलै १९५९. अहमदाबादची एक व्यापारी पेढी आणि खामगावची एक जिनिंग फॅक्टरी व तेलगिरणी यांच्यात लांब पल्ल्याच्या फोनवर बोलणं झालं. विषय सरकी पेंडीचा. कापसातून रुई काढली की उरते ती सरकी, सरकीचं तेल काढलं की मागे राहते ती पेंड, म्हणजे गुरांचा खुराक. बोलण्यात सौदा ठरला. कागद झाला नाही, कुठे सही झाली नाही. ठरलेला माल मिळाला नाही, अशी पेढीची तक्रार होती. तिने गिरणीवर ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला आणि तो लावला अहमदाबादच्या सिटी सिव्हिल कोर्टात.

भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल परशोत्तमदास आणि कंपनी या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल लागला ३० ऑगस्ट १९६५ ला. कराराचा कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाने तो वाचलेला असतो, पण बहुधा एका ओळीत: फोनवरचा करार, जिथे होकार ऐकू येतो तिथे होतो. ओळ बरोबर आहे. मात्र ती पाठ करून पुढे गेलं की या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं तेवढं हातातून निसटतं. दोन्ही बाजूंनी आपापल्या कागदांत काय मांडलं आणि कोण कशामुळे जिंकलं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी तो फोन. १९५९ मध्ये एसटीडी नव्हतं. एका शहरातून दुसऱ्या शहरात थेट नंबर फिरवायची देशातली पहिली सोय कानपूर आणि लखनौ यांच्यात १९६० मध्ये झाली. म्हणजे हा ट्रंक कॉल. एक्स्चेंजकडे नंबर नोंदवायचा, लाइन लागल्याची घंटी येईपर्यंत पेढीवर वाट पाहत बसायचं, लागली की मोठ्याने बोलायचं आणि भाव समोर नीट पोचला की नाही म्हणून तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगायचा. अशा बोलण्यात माणसाचं लक्ष चार गोष्टींवर असतं: भाव, वजन, प्रत, मुदत. प्रस्ताव कोणाचा आणि स्वीकृती कोणाची, हा विचार बाजारात सौदा करताना कोणी करत नाही. न्यायालयात मात्र सगळं त्याच्यावर येऊन ठेपतं.

आणखी एक गोष्ट. फोन झाला त्या दिवशी खामगाव आणि अहमदाबाद एकाच राज्यात होते, द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, त्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालय सुरू झालं, आणि पुढे या प्रकरणातला पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या न्यायालयाचा हुकूम तपासून पाहावा असा अर्ज, त्याच न्यायालयापुढे गेला.

तोंडी सौद्याला कायद्याची हरकत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं की विक्रीचा करार लेखी, तोंडी, थोडा लेखी थोडा तोंडी, किंवा नुसत्या वागण्यावरूनही होऊ शकतो. तेव्हा प्रश्न दाव्याच्या जागेचा होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे दावा एक तर प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथे लावता येतो, नाही तर दाव्याचं कारण जिथे पूर्णतः किंवा अंशतः घडलं तिथे. गिरणी खामगावची. म्हणून अहमदाबादला दावा चालवायचा तर दाव्याच्या कारणाचा काही भाग तरी अहमदाबादला घडला, हे दाखवणं पेढीला भाग होतं. यात नुसती तांत्रिक बाब नव्हती. दुसऱ्याच्या गावात दावा लढणं म्हणजे तिथला वकील, दर तारखेचा प्रवास, साक्षीदारांची ने-आण आणि तितके दिवस बंद पडलेला स्वतःचा धंदा. बरेच छोटे व्यापारी एवढ्या खर्चापायी खरा दावाही सोडून देतात.

पेढीने दाव्यात तीन गोष्टी मांडल्या. पेंड विकायचा प्रस्ताव गिरणीने दिला आणि आम्ही तो अहमदाबादहून स्वीकारला. माल अहमदाबादला पोचवायचा होता. पैसेही अहमदाबादच्या बँकेमार्फत द्यायचे होते. गिरणीने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, नेमकं उलटं सांगितलं. खरेदीचा प्रस्ताव पेढीने फोनवर दिला आणि आम्ही तो खामगावला स्वीकारला. माल खामगावला द्यायचा, पैसेही खामगावलाच. अहमदाबादला काहीच घडलेलं नाही.

पेढी म्हणते, स्वीकार आमचा, म्हणून जागा आमची. गिरणी म्हणते, स्वीकार आमचा, म्हणून जागा आमची. भांडण एवढंच की शेवटचा ‘हो’ कोणाचा. ज्याने ‘हो’ म्हटलं त्याच्या गावात करार झाला, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं.

पहिल्या न्यायालयाने पुरावा पाहून घटनांच्या प्रश्नावर जवळजवळ सगळं गिरणीच्या बाजूने ठरवलं. प्रस्ताव पेढीने अहमदाबादहून दिला. स्वीकार गिरणीने खामगावला केला. माल खामगावला द्यायचा होता, पैसेही तिथेच चुकते करायचे होते. एवढं ठरल्यावर दावा अहमदाबादहून हलणार असंच कोणालाही वाटेल. पण न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं: गिरणीचा होकार पेढीला कळला तो अहमदाबादला, म्हणून करार अहमदाबादला झाला, आणि दावा इथेच चालेल. गुजरात उच्च न्यायालयाने गिरणीचा पुनरीक्षण अर्ज दाखल टप्प्यावरच फेटाळला, आणि गिरणी विशेष परवानगी घेऊन दिल्लीला गेली.

हा भाग मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. पेढीने जे मांडलं होतं ते न्यायालयाने खरं मानलं असतं, म्हणजे स्वीकार अहमदाबादहून पेढीने केला असं ठरलं असतं, तर ‘होकार ऐकू आला तिथे करार’ या नियमाने करार खामगावला झाला असता. कराराच्या जागेच्या मुद्द्यावर पेढी तिथेच हरली असती. तिचं घटनांबद्दलचं म्हणणं फेटाळलं गेलं म्हणून तिला अहमदाबाद मिळालं. गिरणीचं उलट झालं: घटनांवर ती जिंकली आणि त्या जिंकण्यानेच दाव्याची जागा तिच्या हातून गेली. दोन्ही बाजूंनी सांगितलेली हकीकत ज्या समजुतीवर उभी होती ती समजूतच कायद्याने उलटी ठरवली. तक्रार लिहिण्याआधी नियम नक्की माहीत नसला तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

शेवटचा ‘हो’ कोणाचा, हे ठरवणंही वाटतं तितकं सोपं नसतं. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. घासाघीस सुरू झाली की प्रत्येक बदललेला भाव हा नवा प्रस्ताव ठरतो. फोन करणारा विचारतो, या भावाने देता का? समोरचा म्हणतो, एवढ्यात परवडत नाही, अमुक इतके वाढवा. फोन करणारा म्हणतो, बरं, दिले. इथे स्वीकार फोन करणाऱ्याचा झाला. त्याने ‘बरं, दिले, पण माल आठवड्यात हवा’ म्हटलं तर पुन्हा नवा प्रस्ताव, आणि चेंडू समोरच्याकडे. तीन मिनिटांच्या बोलण्यात प्रस्ताव देणारा आणि घेणारा तीनदा बदलू शकतात. आणि हे सगळं पुढे साक्षीदाराच्या आठवणीतून न्यायालयात उभं करायचं असतं.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. एन. वांछू, जे. सी. शाह आणि एम. हिदायतुल्ला यांचं खंडपीठ होतं. बहुमताचा निकाल न्या. शाह यांनी वांछू यांच्यासह लिहिला. हिदायतुल्लांनी भिन्नमत दिलं. शाह मूळचे अहमदाबादचे, तिथेच त्यांची वकिली सुरू झाली. हिदायतुल्ला नागपूरच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. निव्वळ योगायोग, पण दोघांची कारणं वाचताना तो आठवतो खरा.

कायद्याचा पेच असा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४ म्हणतं की स्वीकृतीचं कळवणं प्रस्ताव देणाऱ्यापुरतं पूर्ण होतं ते स्वीकृती त्याच्याकडे रवाना होऊन स्वीकारणाऱ्याच्या ताब्याबाहेर गेली की. आणि स्वीकारणाऱ्यापुरतं पूर्ण होतं ते ती प्रस्ताव देणाऱ्याला कळली की. पत्राच्या बाबतीत अर्थ सरळ आहे. पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव देणारा बांधला गेला. यामागे इंग्लंडचा १८१८ चा ॲडम्स विरुद्ध लिंडसेल हा खटला आहे. तोही मालविक्रीचाच, लोकरीचा. विकणाऱ्याचं प्रस्तावाचं पत्र पत्त्यातल्या चुकीमुळे उशिरा पोचलं. घेणाऱ्याने मिळताच होकार टपालात टाकला. तो पोचण्याआधी विकणाऱ्याने लोकर दुसऱ्याला विकून टाकली. न्यायालयाने करार झाल्याचं मानलं आणि तेव्हापासून टपालाचा नियम रूढ झाला: होकार टपालात पडला की करार.

मग फोन हा टपालासारखा की समोरासमोर बोलण्यासारखा? १९५५ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एन्टोर्स विरुद्ध माइल्स फार ईस्ट कॉर्पोरेशन या टेलेक्सवरच्या, म्हणजे इथे टंकलेला मजकूर त्याच वेळी दूरच्या यंत्रावर उमटवणाऱ्या सोयीवरच्या, सौद्यात लॉर्ड जस्टिस डेनिंग यांच्या तोंडून उत्तर दिलं होतं. त्यांनी दाखला दिला तो नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारणाऱ्या दोघांचा. मी प्रस्ताव ओरडून सांगितला, तुम्ही होकार ओरडून दिला, पण तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं आणि मला तुमचं काही ऐकूच आलं नाही. करार झाला नाही. विमान गेल्यावर तुम्हाला पुन्हा ओरडावं लागेल. टेलिफोनचंही तसंच, टेलेक्सचंही तसंच: होकार ऐकू येईपर्यंत करार नाही, आणि तो जिथे ऐकू येतो तीच कराराची जागा.

शाह यांनी हाच मार्ग धरला. त्यांच्या मांडणीत दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं, १८७२ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दूरवरच्या माणसांचं टेलिफोनवरचं बोलणं नव्हतं, तेव्हा त्यासाठी त्यांनी नियम केला असं म्हणता येणार नाही. टेलिफोनचं पेटंट बेलला मिळालं १८७६ मध्ये, हे लक्षात घेतलं की मुद्दा पटतो. दुसरं, कलम ४ कराराच्या जागेबद्दल बोलतच नाही. कळवणं केव्हा पूर्ण होतं एवढंच सांगतं. आणि प्रस्ताव देणाऱ्यासाठी करार एका गावी, स्वीकारणाऱ्यासाठी दुसऱ्या गावी, असा अर्थ त्यातून निघत नाही. टपाल-तारेचा नियम हा व्यवहाराच्या सोयीसाठी केलेला अपवाद; टेलिफोन त्या अपवादात बसत नाही. नुसता प्रस्ताव अहमदाबादहून दिला होता एवढ्यावर तिथे दावा चालला नसता, हेही त्यांनी सांगून ठेवलं. होकार तिथे कळला, म्हणून चालला.

हिदायतुल्लांचं म्हणणं सडेतोड आहे. आपल्याकडे कायदा लिहिलेला आहे; इंग्लंडमध्ये तो निकालांतून घडलेला आहे. लिहिलेल्या कायद्याचे शब्द बसत असतील तर परक्या निकालाच्या मागे का जावं? कलम ४ पत्र, तार, फोन असा भेद करत नाही. त्याचे शब्द सर्वसाधारण आहेत आणि नव्या साधनांनाही लागू पडतात. हा कायदा टेलस्टार आणि अर्ली बर्ड हे उपग्रह कोणाच्या कल्पनेतही नव्हते तेव्हाचा आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण शब्द पुरेसे आहेत म्हणूनच ते बदलले गेले नाहीत, असं त्यांनी धरलं. खामगावला शब्द उच्चारले गेले त्या क्षणी ते परत घेण्याच्या पलीकडे गेले. म्हणून करार खामगावला. होकार देतानाच लाइन तुटली तर काय, हा दाखला त्यांनी बाजूला ठेवला: इथे दोघांनाही सगळं नीट ऐकू आलं होतं, प्रश्न फक्त जागेचा होता.

कायद्याच्या शब्दांशी इमान राखण्यात हिदायतुल्ला जास्त खरे वाटतात. शाह यांच्या पहिल्या कारणापुरता मी हिदायतुल्लांच्या बाजूचा आहे. कायदा करणाऱ्याला एखादं यंत्र माहीत नव्हतं म्हणून कायदा त्याबद्दल मुका आहे असं म्हणायला लागलो तर जुने कायदे दर दहा वर्षांनी निकामी होतील. तरीही निष्कर्ष मला बहुमताचा पटतो, तो शाह यांच्या दुसऱ्या कारणामुळे. आणि लाइन तुटण्याचा दाखला बाजूला ठेवता येत नाही. गिरणीवाला ‘ठीक आहे, दिला माल’ म्हणाला आणि त्याच क्षणी लाइन गेली असं धरू. पेढीने काही ऐकलं नाही. तिने दुसरीकडून पेंड घेतली. कलम ४ शब्दशः लावलं तर पेढी बांधली गेलेली, कारण शब्द गिरणीवाल्याच्या तोंडून सुटले, आता त्याच्या ताब्यात नाहीत. हे कोणालाच न्याय्य वाटणार नाही. म्हणजे ऐकू येईपर्यंत करार होत नाही असंच मानावं लागतं. आणि करार पुरा करणारी गोष्ट जर ऐकणं हीच असेल, तर जागाही ऐकणाऱ्याचीच असायला हवी. वेळेसाठी ऐकणारा आणि जागेसाठी बोलणारा, अशी फाळणी करायला मला कुठलंच कारण दिसत नाही.

पत्राला वेगळा नियम का, हेही यातून उलगडतं. पत्र वाटेत हरवलं तर ते टाकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो; कोणीतरी धोका पत्करायचा, तर तो टपालाची वाट ज्याने उघडली त्याने. फोनवर होकार पोचला नाही तर बोलणाऱ्याला बहुतेक लगेच कळतं, आणि पुन्हा फोन लावणं त्याच्या हातात असतं.

आज सौदे फोनवर सुरू होतात आणि मेसेजवर पक्के होतात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने यात मोठी स्पष्टता आणली. कलम १३ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक मजकूर पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या जागेवरून निघाला आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या जागी पोचला असं धरलं जातं, मग मोबाइल त्या क्षणी कुठल्याही गावात असो. कोळशाच्या ई-लिलावातल्या एका वादात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हाच मार्ग घेतला. करार झाला की नाही या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या सौद्यात ई-मेलची देवाणघेवाण पुरेशी मानली. सविस्तर करारावर सही व्हायची राहिली म्हणून सौदा झालाच नाही, हे म्हणणं टिकलं नाही.

जागेचा वाद टाळायचा उपाय जुनाच: दावा कुठे चालेल ते आधीच लिहून ठेवणं. मात्र जिथे कायद्याने दावा चालूच शकत नाही असं न्यायालय दोघांनी ठरवूनही मिळत नाही. चालू शकेल अशा दोन-तीन जागांपैकी एक निवडता येते. आणि ती ओळ सौदा ठरतानाच समोरच्याला कळवलेली असावी. सौदा झाल्यावर धाडलेल्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात असली तर समोरच्याने ती कधी मान्य केली होती, यावर नवीन वाद उभा राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने गिरणीचं अपील खर्चासह फेटाळलं. फोन झाल्याला तोवर सहा वर्षं उलटून गेली होती, आणि ठरलं होतं ते एवढंच की दावा अहमदाबादला चालेल. सौदा मोडला का, मोडला असल्यास नुकसान किती, हे सगळं मागेच होतं.

या मागे राहिलेल्या भागात पेढीपुढे खरी अडचण होती. माल न देणाऱ्या विक्रेत्यावर नुकसानभरपाईचा दावा लावायचा हक्क मालविक्री कायद्याचं कलम ५७ देतं. भरपाई मोजायची करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे. साधा हिशेब: माल द्यायच्या दिवशी, माल द्यायच्या जागी बाजारभाव किती होता, त्यातून ठरलेला भाव वजा. जागा इथे पुन्हा येते, पण ही जागा वेगळी आहे. करार कुठे झाला यावर न्यायालय ठरतं. माल कुठे द्यायचा होता यावर भाव ठरतो.

हे किती महागात पडू शकतं ते सर्वोच्च न्यायालयाच्याच मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास या कॅनव्हासच्या प्रकरणात दिसतं. १९४७ चा सौदा. माल कानपूरहून रेल्वेने कलकत्त्याला रवाना करून रेल्वे रसीद द्यायची होती, वाहतुकीचा खर्च घेणाऱ्याचा. विकणाऱ्याने बुकिंग बंद आहे म्हणून हात वर केले. सौदा मोडला हे न्यायालयाने मानलं. पण घेणाऱ्याने भाव सिद्ध केला तो कलकत्त्याचा, आणि माल रेल्वेच्या ताब्यात द्यायचा होता तो कानपूरला. त्या दिवसाचा कानपूरचा भाव त्याने पुराव्यात आणलाच नव्हता. भरपाई मिळाली नाही.

पेंडीच्या दाव्यात पहिल्या न्यायालयाने माल खामगावला द्यायचा होता असं ठरवून टाकलं होतं. म्हणजे अहमदाबादच्या न्यायालयात उभं राहूनही पेढीला दाखवायचा होता तो सरकी पेंडीचा खामगावचा भाव, माल द्यायच्या दिवसाचा. त्याचे कागद आणि तो सांगू शकणारी माणसं खामगावच्या बाजारात होती.